तपासलं कोणी

"फॉर्म तुम्ही भरायचा, पाकीट तुम्ही चिकटवायचं, चिकटवलेल्या कडेवर आडवी सही ठोकायची आणि थेट बोर्डाला पाठवायचं," वृषाली म्हणाली. "मला दाखवायचा नाही."

"म्हणजे मी काय लिहिलं ते तुला कधीच कळणार नाही?"

"नियमच आहे तसा."

"आणि भीती नाही वाटत?"

ती हसली. "तुमची? काका, तुम्हाला भ्यायचं असतं तर दोन वर्षांपूर्वीच भ्याले असते. आता काय."

माझी बायको, नीलिमा, आतून ओरडली, "बरोबर बोललीस! ह्यांना कुणीतरी असं बोलायला पाहिजेच." मग चहा आला. वृषालीच्या आईने गडहिंग्लजहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आमच्या टेबलावर होती. रविवारची दुपार. अमेरिकेतल्या एका मध्यम गावातलं आमचं घर. ह्याला आता अकरा वर्षं झाली.

राज्यांची नावं लिहीत नाही. मधे एक नदी होती. आम्ही राहायचो ते अलीकडचं राज्य. तिला जायचं होतं ते पलीकडचं.

इथे पुलावर सही करायची तर इंजिनियरला राज्याच्या बोर्डाचा परवाना लागतो. परवान्यासाठी दोन गोष्टी: एक परीक्षा आणि चार वर्षांचा अनुभव. अलीकडच्या राज्यात परीक्षा आधी देऊन टाकली तरी चालायचं; तिथला परवाना वृषालीला माझ्या सहीवर मिळालाही होता. पलीकडच्या राज्याला ते फारसं पसंत नव्हतं. ते परीक्षा मान्य करायचे, पण अनुभव असा तपासायचे की जणू उमेदवार चोर आहे. पलीकडच्या एका कंपनीने वृषालीला मोठ्या नदीपुलांच्या कामावर घेतलं होतं. अट एकच: सहा महिन्यांत पलीकडचा परवाना. नाही मिळाला तर नोकरी नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही. साठ दिवसांत सामान बांधायचं.

तिच्या चार वर्षांपैकी दोन माझ्या हाताखाली गेली होती. ती दोन फक्त मीच लिहून देऊ शकत होतो.

"भरतो गं," मी म्हणालो. "चहा घे."

फॉर्मला नऊ प्रश्न होते.

प्रश्न १. अर्जदाराला आपण किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता?

पहिल्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिला मला हाकच मारता येईना. ऑफिसात सगळे मला 'श्री' म्हणायचे. श्रीनिवास जठार एवढं लांब कोण म्हणणार. मी तिला सांगितलं, तूही श्रीच म्हण. ती म्हणाली, "जीभ नाही हो वळत." मग दोन वर्षं तिने तोडगा काढला: गोऱ्या लोकांसमोर मला काहीच म्हणायचं नाही, नुसतं बोलायला सुरुवात करायची; आणि दोघंच असलो की काका.

ती तेवीस वर्षांची असताना परीक्षा पास झालेली होती. पहिल्या फटक्यात. कॉलेजातून बाहेर पडल्यावर तीन महिन्यांत.

मी चिपळूणला बांधकाम खात्यात आठ वर्षं काढून इथे आलो. माझी पदवी तपासायला त्यांनी दोन वर्षं घेतली. मग अनुभव परत पहिल्यापासून. मग परीक्षा. अडतिसाव्या वर्षी नापास. एकोणचाळिसाव्या वर्षी नापास. चाळिसाव्या वर्षी पास. त्या दिवशी नीलिमाने शिरा केला होता आणि मला तो गिळता आला नव्हता.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी वृषालीची ओळख करून दिली, "ही बघा, एवढीशी पोर, परीक्षा पास पण झाली." मी म्हणालो, "अनुभवाच्या आधी परीक्षा म्हणजे लग्नाआधी बारसं." चाळीस माणसं हसली. वृषालीही हसली. सगळ्यात आधी थांबलीही तीच.

पुढे वर्षभर मी तो विनोद सात-आठ वेळा केला. दर वेळी ती तिथे असेल ह्याची खात्री करून.

मी लिहिलं: दोन वर्षं. वरिष्ठ.

प्रश्न २. अर्जदाराचं चारित्र्य?

लिहिलं: उत्तम.

(खरं होतं. खरं लिहायला वेळ लागत नाही.)

तिसऱ्या प्रश्नापासून सहाव्यापर्यंत पत्ते, तारखा, माझा परवाना क्रमांक. ते सोडून देतो.

प्रश्न ७. अर्जदाराने नेमकं कोणतं काम केलं? डिझाइन स्वतः केलं, की दुसऱ्याने केलेल्या डिझाइनची आकडेमोड पडताळून पाहिली? स्पष्ट लिहा. निव्वळ पडताळणी अनुभव म्हणून धरली जात नाही.

उत्तराला तीन ओळींची जागा होती.

सोमवारी नीलिमाने विचारलं, "दिलात पाठवून?"

"बघतो."

"त्यात बघायचं काय? राबली बिचारी दोन वर्षं. तो ओढ्यावरचा पूल तिनेच केला ना सगळा?"

"तुला कोण म्हणालं?"

"तुम्हीच. तेव्हा म्हणाला होतात, पोरगी गाढवासारखी काम करते."

"गाढवासारखी काम करते म्हणजे पूल तिने केला असं होत नाही."

"अहो, मग केला कुणी?"

गुरुवारी परत विचारलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. शुक्रवारी ऑफिसच्या टपालपेटीत पाकीट टाकलं, चिकटवलेल्या कडेवर आडव्या सहीसकट.

तीन ओळींपैकी मी एकच वापरली.

तीन महिन्यांनी वृषालीचा फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून डबा खात होतो.

"काका, फॉर्म वेळेत पोचला होता ना?"

"पोचला की. का गं?"

"नाकारलं त्यांनी. म्हणतात, दोन वर्षांचा अनुभव डिझाइनचा नाही. धरता येत नाही. तुम्ही... म्हणजे तुम्ही काय लिहिलं होतं?"

"ते गोपनीय असतं बाळा. तूच सांगितलंस."

"हो, पण..."

"मी चांगलंच लिहिलंय. चारित्र्य उत्तम, असं लिहिलंय."

"मग असं कसं?"

मी भाजीचा घास संपवला. "तुझ्या परीक्षेमुळे असेल. लवकर दिलीस ना. ते पलीकडचे लोक जुन्या वळणाचे. त्यांना वाटतं, हिला फार घाई आहे."

"मी थांबायला पाहिजे होतं?"

"थांबलं की पिकतं," मी म्हणालो.

ती रडत होती की नाही, कळलं नाही. तिच्या बाजूला रस्त्याचा आवाज होता. "आता नोकरी जाईल," ती म्हणाली. "मी आईला काय सांगू?"

"सांग, अमेरिका काय कुठे पळून जात नाही."

चौपन्नाव्या दिवशी ती गेली. नीलिमा विमानतळावर गेली होती. मला त्या दिवशी मीटिंग होती. मीटिंग नव्हती.

आता सातव्या प्रश्नाचं उत्तर.

आमच्याकडे गणिताच्या प्रत्येक पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. पहिलीत डिझाइन करणाऱ्याची आद्याक्षरं, दुसरीत तपासणाऱ्याची. दोन माणसं वेगळी असायलाच हवीत. एकाची चूक दुसऱ्याच्या डोळ्याला दिसते, ह्या एका गोष्टीवर जगातले सगळे पूल उभे आहेत.

ओढ्यावरचा पूल लहान होता, काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचा. नव्वद फूट. गावाबाहेरचा रस्ता, पलीकडे चार शेतं आणि एक शाळा. चौसष्ट पानांचं गणित. सगळं वृषालीने केलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. तपासायचं मी होतं.

दोन आठवडे ते माझ्या टेबलावर होतं. त्या वर्षी पुलांच्या नियमावलीची नवी आवृत्ती आली होती. वृषालीने नव्या पद्धतीने केलं होतं. मी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर मला कळेना की ही कुठून कुठे गेली. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान मुलीला बोलावून 'हे काय आहे' असं विचारायचं, एवढंच करायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी मी तिला बोलावलं खरं. म्हणालो, "पहिल्या चौकटीत माझी अक्षरं घाल. दुसरीत तुझी."

तिला आधी समजलंच नाही. "उलटं ना, काका? केलं मी. तपासलं तुम्ही."

"काउंटीच्या लोकांना डिझाइनखाली मोठं नाव बघायला आवडतं."

"बरं. पण मग..." तिने पानं चाळली. पेन्सिलची एकही खूण नव्हती. "काका, तपासलं कोणी?"

"तू दोनदा केलंस ना गणित?"

"दोनदा केलंच. एकदा हाताने पण."

"मग? दुसऱ्यांदा केलंस ते तपासणंच."

ती तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "तुला अलीकडचा परवाना पाहिजे ना यंदा? त्या कागदावर सही माझीच लागते ना?" मी हसून म्हणालो. हे सगळं मी हसूनच म्हणायचो.

चौसष्ट पानांवर तिने आद्याक्षरं घातली. चौसष्ट वेळा, माझ्यासमोर बसून. संध्याकाळी मी शिक्का मारला.

आता बघा सातवा प्रश्न. डिझाइन तिने केलं असं लिहावं, तर तपासलं कोणी? तिने नुसतं तपासलं असं लिहावं, तर कागद आणि मी, दोघंही खरे.

मी लिहिलं: वरिष्ठाने केलेल्या डिझाइनची पडताळणी केली.

पुढची गोष्ट मला सांगायची नव्हती. पण ती सांगितल्याशिवाय ही संपत नाही.

परवाना टिकवायचा तर दर दोन वर्षांनी थोडे तास काहीतरी शिकावं लागतं. वृषाली गेल्यावर दीड वर्षाने मी नव्या नियमावलीचा कोर्स घेतला. कोर्स संपल्यावर तिची फाइल काढली आणि जेवणाच्या सुट्टीत रोज चार-पाच पानं तपासायला लागलो. पुलाची काळजी होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मी चूक शोधत होतो. एक जरी सापडली असती तर माझं सातवं उत्तर मला गिळता आलं असतं.

तीस पानं झाली. एकही नाही.

एकतिसाव्या पानावर सापडली. तुळईत रिंगा घालतात, सळ्यांना वेढणाऱ्या. तिने सहा इंचांवर एक घातली होती. माझ्या हिशोबाने नऊ इंच चाललं असतं. म्हणजे चूक, पण सुरक्षित बाजूची. लोखंड थोडं वाया गेलं, एवढंच. पुढची पानं मी पाहिली नाहीत.

त्याच खुर्चीत बसून ईमेल लिहिली.

*प्रिय वृषाली, कशी आहेस? तुझं ओढ्याच्या पुलाचं गणित सहज तपासत होतो. पान ३१ पर्यंत आलोय. तिथे तुझी चूक आहे. रिंगा तू ६ इंचांवर घातल्या आहेस, ९ इंचांवर चालल्या असत्या. पूल पडायचा नाही. पण ह्यालाच मी अनुभव म्हणायचो. पुढे काळजी घे. — काका*

पाठवल्यावर मला भूक लागली. पोटभर जेवलो.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

*काका, 'तुझं गणित' असं तुम्ही लिहिलंय. 'तुझी चूक' असंही. म्हणजे डिझाइन माझं होतं, हे तुम्ही मानता. आणि तपासताय तुम्ही आत्ता. मग पलीकडच्या बोर्डाला काय लिहिलं होतं?*

मी माझी ईमेल परत वाचली. खाली तारीख होती, माझं नाव होतं, परवाना क्रमांक आपोआप छापला जायचा तोही होता.

दुपारपर्यंत दहा उत्तरं लिहून पुसली. शेवटी हे पाठवलं:

*दुसऱ्या चौकटीत अक्षरं कोणाची आहेत ते आठव. चौसष्ट वेळा. स्वतःचं काम स्वतः तपासल्याची खोटी खूण केली की काय होतं, तुला माहीत आहे. अलीकडचा परवाना अजून तुझ्याकडे आहे. त्याच्याच जोरावर पुण्यातली ती कंपनी तुला इकडच्या पुलांचं काम देते, असं नीलिमा म्हणाली. बोललीस तर दोघं जाऊ. माझं काय, दहा वर्षं राहिली. तुझं आत्ता सुरू होतंय.*

उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी मला वाटलं, जमलं.

सातव्या आठवड्यात अलीकडच्या बोर्डाचं पत्र आलं. तिने दोन्ही ईमेल भाषांतरासकट पाठवल्या होत्या. सोबत स्वतःचं दीड पानी निवेदन, स्वतःच्या चौसष्ट खोट्या खुणांसकट. शेवटची ओळ होती: कृपया कोणाकडून तरी हा पूल तपासून घ्यावा.

सुनावणी व्हिडिओवर झाली. माझी सकाळ, तिची संध्याकाळ. बोर्डाच्या अध्यक्ष एक म्हाताऱ्या बाई होत्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, आवाजाने गोड. वृषाली एका भिंतीसमोर बसली होती. बारीक झाली होती. मला बघून तिने सवयीने मान लववली आणि मग तिलाच ते नको झालं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिस हुपरे, हे कळवल्यावर तुमचा परवाना जाऊ शकतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुमच्यावर कोणी दबाव आणला होता का, कळवण्यासाठी?"

"न कळवण्यासाठी आणला होता. ती दुसरी ईमेल."

"मग का कळवलंत?"

"त्या पुलावरून शाळेची बस जाते. मी गणित केलं तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझ्याशिवाय ते कोणीच बघितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान तपासणाऱ्याने नंतर तरी तपासलं असेल. ईमेल वाचल्यावर कळलं, एकतीसच पानं तपासली."

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्ही चौकटी उलट का करायला लावल्यात?"

"तिला मोठ्या कामाची सवय व्हावी म्हणून," मी म्हणालो. "तिच्या भल्यासाठी."

माझ्या वकिलाने मान डोलावली. वाक्य त्याचंच होतं.

मग बोर्डाने नेमलेल्या तिसऱ्या इंजिनियरचा अहवाल वाचला गेला. चौसष्ट पानं पाहिली. पूल पूर्णपणे सुरक्षित. गणितात चूक आढळली नाही. पुढे एक परिच्छेद: पान एकतीसवरचा आक्षेप निराधार आहे. तिथे सहा इंचच लागतात. आक्षेप घेणाऱ्याने नियमावलीची आधीची आवृत्ती वापरलेली दिसते. नऊ इंचांवर रिंगा घातल्या असत्या तर त्या तुळईला आज तडे असते.

रिंगांच्या अंतराचा तो तक्ता मला पाठ होता. जुना. कोर्स करूनही मी हिशोब पाठ असलेल्या तक्त्यानेच केला होता.

अर्ध्या तासाने निकाल. मला एक वर्षासाठी परवाना स्थगित. पंधरा वर्षांचा स्वच्छ इतिहास, आणि सुनावणीत केलेलं सहकार्य. वृषालीचा परवाना रद्द. परवाना मिळवण्याआधीच खोट्या खुणा केल्या. तेव्हा तो मिळाला तोच दूषित. फेरअर्जाला पाच वर्षं. प्रामाणिकपणाची बोर्ड नोंद घेत आहे, असं अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि खरोखर वाईट वाटल्यासारख्या थांबल्या.

"मिस हुपरे, तुम्हाला काही बोलायचंय?"

वृषाली कॅमेऱ्याजवळ आली. मराठीत बोलली.

"काका, पान एकतीस बरोबर होतं."

एवढंच. ती वाट बघत होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिथे सात माणसं होती आणि आम्ही दोघं सोडून कोणालाच मराठी येत नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं तरी त्याने माझं काहीही बिघडलं नसतं.

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "मिस्टर जठार, काय म्हणाल्या त्या?"

मी घसा साफ केला.

"आभार मानतेय," मी इंग्रजीत म्हणालो.

"किती छान," अध्यक्षबाई म्हणाल्या.

वृषालीला इंग्रजी येत होतं. तिने ते ऐकलं, आणि तिची चौकट काळी झाली.